टार्किनच्या टेबलावरचे घोडेस्वार

१९७७ चा पहिला ‘स्टार वॉर्स’ बघितलाय ना? मग गालफडं बसलेला, थंड डोळ्यांचा ग्रँड मॉफ टार्किन तुम्हाला आठवत असणारच. एका हुकमासरशी अख्खा ग्रह उडवणारा! आता गंमत ऐका. हा रोल करणारा नट खऱ्या आयुष्यात टेबलापाशी बसून बोटभर घोडेस्वारांचे लगाम रंगवायचा. तेही तासन्‌तास, एखाद्या शाळकरी पोरासारखा रमून. त्याचं नाव पीटर कुशिंग.

पीटर जन्मला २६ मे १९१३ रोजी, इंग्लंडमधल्या सरे परगण्यात. योगायोग बघा, त्याच वर्षी एच. जी. वेल्स या विज्ञानकथा लेखकाचं ‘लिटल वॉर्स’ हे छोटंसं पुस्तक आलं. खेळण्यातले सैनिक घेऊन जमिनीवर लढाई कशी खेळायची, याचे नियम त्यात होते. आजच्या टेबलटॉप वॉरगेमिंगची मुळं शोधायला गेलात, तर हे पुस्तक लागतंच. पुढे पीटर याच नियमांनी खेळणार होता. पण ते बरंच नंतर. आधी पोटापाण्याचं बघायचं होतं.

वडील क्वांटिटी सर्व्हेअर. पोरानंही त्याच लाइनला लागावं, म्हणून त्याला सर्व्हेअरच्या ऑफिसात चिकटवलं. पीटरचं मन मात्र नाटकात. एका थिएटरला त्यानं पत्रांमागून पत्रं पाठवली आणि शेवटी स्टेजवर पाऊल टाकलं. १९३९ मध्ये वडिलांनीच तिकीट काढून दिलं, ते फक्त जाण्याचं, आणि स्वारी हॉलिवूडला पोचली. लॉरेल-हार्डीच्या सिनेमात छोटं काम मिळालं, आणखी दोन-चार मिळाली. पण सूर काही लागला नाही. महायुद्ध पेटलं होतं. १९४२ मध्ये तो मायदेशी परतला. तिथं त्याला हेलन भेटली. १९४३ मध्ये दोघांनी लग्न केलं.

आता खरी परीक्षा होती. युद्ध संपलं आणि काम आटलं. तिशी उलटलेला हा नट रेशमी स्कार्फ हातानं रंगवून घर चालवत होता! मध्येच १९४८ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएच्या ‘हॅम्लेट’मध्ये एक भूमिका मिळाली, पण गाडी रुळावर येईना. तुमच्यापैकी कुणी प्लेसमेंटच्या यादीत आपलं नाव शोधून रिकाम्या हातानं परतलं असेल, तर त्याला ही घालमेल वेगळी सांगायला नको. हेलननं सुचवलं, टीव्हीवाल्यांना लिही. टीव्ही तेव्हा नवं होतं. पीटरनं लिहिलं आणि दार उघडलं. डिसेंबर १९५४ मध्ये बीबीसीवर ऑर्वेलच्या ‘१९८४’चं नाटक झालं, त्यात तो नायक होता. बहुतेक सगळं लाइव्ह, चुकलं तर रिटेक नाही! त्या नाटकावरून देशभर गदारोळ झाला आणि पीटर घराघरात पोचला.

याच दशकात त्याच्या घरात हजारो छोटे सैनिक होते. आपण दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडतो ना, तसंच थोडंसं. फरक इतकाच की, हा पठ्ठ्या ते स्वतः रंगवायचा.

कधी करून बघितलंय? पायदळाचा शिपाई त्यातल्या त्यात सोपा. घोडेस्वार म्हणजे एकात दोन कामं. घोड्याला नुसता तपकिरी रंग फासला तर तो लाकडी वाटतो. तांबूस घोड्याची आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा लागतो. पाठीवर उजळ छटा, पोटाखाली गडद. मग खोगीर, त्याखालच्या कापडाची किनार, रिकीब, आणि केसाएवढा बारीक लगाम. त्यात ब्रिटिश रेजिमेंट असेल तर कॉलर आणि मनगटपट्टीचा रंग चुकवून चालत नाही, रेजिमेंटच बदलते! एक थर वाळेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. घाई केलीत की मेहनत पाण्यात.

आणि मग खेळ. वेल्सच्या नियमात पायदळ एका चालीत एक फूट सरकतं, घोडदळ दोन फूट. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळा सुटतो आणि जो आडवा झाला तो मेला. तुम्ही जिवापाड रंगवलेला स्वारसुद्धा. उचलायचा आणि बाजूला ठेवायचा, बस्स. १९५६ च्या एका न्यूजरीलमध्ये पीटर ही पलटण मांडून खेळताना दिसतो, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

हीच नजर त्याच्या अभिनयातही आहे. १९५७ मध्ये तो फ्रँकेन्स्टाइन झाला, १९५८ मध्ये ‘ड्रॅक्युला’मधला व्हॅन हेल्सिंग, १९५९ मध्ये शेरलॉक होम्स. हातातली वस्तू कशी धरायची, कुठल्या वाक्याला खाली ठेवायची, हे तो बारकाईनं बसवायचा. हॉरर सिनेमा म्हणून लोक हसतील, पण त्यानं एकही रोल हसण्यावारी नेला नाही.

जानेवारी १९७१ मध्ये हेलन गेली. तो आतून पार मोडला. त्यातून त्यानं स्वतःला कामात बुडवून घेतलं. व्हिट्स्टेबल या समुद्रकाठच्या गावात तो राहायचा, जलरंगात चित्रं काढायचा. मग टार्किन आला. बूट इतके घट्ट की, क्लोजअपमध्ये पीटर चक्क स्लिपर घालून उभा असायचा! १९८२ मध्ये कॅन्सरचं निदान झालं, तरी पुढं बारा वर्षं तो जगला. ११ ऑगस्ट १९९४ रोजी गेला.

२०१६ मध्ये ‘रोग वन’साठी त्याचा चेहरा कॉम्प्युटरवर पुन्हा उभा केला गेला. तो सिनेमा बघाच. पण त्याआधी ते १९५६ चं न्यूजरील शोधा आणि त्याचे हात बघा. छंदापायी वेळ वाया घालवतोस, असं कुणी ऐकवलं की स्कार्फ रंगवणारे, घोडेस्वार रंगवणारे आणि कॅमेऱ्यासमोर एकदाही न अडखळणारे ते हात आठवा. ते एकाच माणसाचे होते.