पंडिता रमाबाई आणि हातांचें शिक्षण

आमच्या मढकडील मुलामुलींचे हात लहानपणींच कामास लागतात. भाताची लावणी, गुरेंवासरें, चूलपोतेरें हें सारें त्यांस घरींच येतें. म्हणून शिवण किंवा बागकाम शिकण्यास शाळा कशाला, असें कित्येक पालकांस वाटतें. उलट, चार बुकें शिकलेला मुलगा पाटी उचलावयास लाजतो, हेंही आम्हीं पाहिलें आहे. या दोन्ही समजुती ज्यांनीं आपल्या कृतीनें खोडून काढिल्या, त्या पंडिता रमाबाईंचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळच्या रानांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविलें. लक्ष्मीबाईंनीं तें मुलीस दिलें. पुराणें सांगत हें कुटुंब तीर्थोतीर्थीं हिंडे. पुढें दुष्काळ पडला. भीक मागणें लाजिरवाणें, मोलमजुरी हलकी, आणि पोटापुरता धंदा तर कोणासच ठाऊक नाहीं, अशा स्थितींत आईबाप गेले. सहस्रावधि श्लोक मुखोद्गत असलेल्या घरांत मूठभर धान्य मिळविण्याची विद्या नव्हती, हें रमाबाई जन्मभर विसरल्या नाहींत.

१८७८ सालीं कलकत्त्यास त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० सालीं त्यांचा विवाह झाला, आणि दोनच वर्षांत वैधव्य आलें. लहानग्या मनोरमेस घेऊन त्या १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला. १८८६ सालीं डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं त्या अमेरिकेस गेल्या व अडीच वर्षांहून अधिक काळ तेथें राहिल्या. त्या देशांत १८६२ च्या कायद्यानें शेती व यंत्रकला शिकविणारीं कॉलेजें निघालीं होतीं; त्यांतील कांहींत मुलींस गृहशास्त्रही शिकवीत. रमाबाईंनीं स्वतः फिलाडेल्फियांत बालोद्यानपद्धतीचा अभ्यास केला. या पद्धतींत मूल हातांनीं वस्तू घडवीत घडवीत शिकतें.

११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढिलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आणिलें. कांहीं मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होत आहे, या कारणावरून १८९३ सालीं मोठा गहजब झाला व अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. तरी बाई खचल्या नाहींत. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी मुलींस घेऊन आल्या. जे दिवस आपण भोगिले, तेच त्यांस या मुलींच्या डोळ्यांत दिसले असावेत.

आपल्याच पुणें जिल्ह्यांत, केडगांव येथें, त्यांनीं मुक्तिसदन वसविलें. तेथें वाचन-लेखनाबरोबर शेती, विणकाम, शिवण, दूधदुभतें व छपाई हीं कामें मुली शिकत. आंधळ्या मुलींसही अक्षरें व हस्तव्यवसाय शिकवीत. रमाबाईंनीं मूळ भाषांवरून केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर तेथील स्त्रियांनींच खिळे जुळवून छापिलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई निवर्तल्या; संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. धनीण गेली, पण तिनें शिकविलेले हात थांबले नाहींत.

पालकहो, घरीं काम होतें तें संवयीनें. शाळेंत त्याचें कारण, माप व मोल कळतें. आणि विद्यार्थिमित्रहो, संस्कृत पंडितेनें ज्या कामास आपल्या शाळेंत मानाची जागा दिली, त्याची आपणांस लाज कां वाटावी?