फारिनेल्लीचा न फुटलेला आवाज

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटू लागला की घरात थट्टा सुरू होते. मुलगा गाणे शिकत असेल तर मात्र आईवडील काळजीत पडतात. आवाज पुन्हा पूर्वीसारखा होईल असे काही औषध आहे का, असे विचारणारे पालक मला बाह्यरुग्ण विभागात अधूनमधून भेटतात. असे औषध नाही आणि त्याची गरजही नाही, असे मी त्यांना सांगतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या इटलीत मात्र यावर एक उपाय होता, आणि तो सुरीने केला जाई. फारिनेल्ली हा त्या उपायाचा सर्वांत प्रसिद्ध बळी.

त्याचे खरे नाव कार्लो ब्रोस्की. जन्म १७०५ चा, दक्षिण इटलीतील आंद्रिया या गावचा. वडील आणि थोरला भाऊ रिकार्दो दोघेही संगीतकार. कार्लो बारा वर्षांचा असताना वडील वारले. वयात येण्याआधीच त्याचे खच्चीकरण करण्यात आले होते. चर्चच्या नियमात हे बसत नसे, म्हणून कुटुंबे अपघाताचे कारण पुढे करत. कार्लो घोड्यावरून पडला, असे सांगितले गेले.

या शस्त्रक्रियेने शरीरात नेमके काय होई? वयात येताना वृषणातून टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते. त्यामुळे स्वरयंत्र मोठे होते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज खाली उतरतो. संप्रेरकच नसेल तर स्वरयंत्र लहान मुलासारखे राहते, छाती आणि फुप्फुसे मात्र प्रौढ माणसाची होतात. मुलाचा उंच स्वर, मोठ्या माणसाचा दमसास आणि वर्षानुवर्षांचा रियाज एकत्र आले की तो दुर्मीळ आवाज तयार होई. शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला मात्र कीर्ती आली नाही.

कार्लोला नेपल्समध्ये निकोला पॉर्पोरासारखा गुरू लाभला. १७२० मध्ये, पंधराव्या वर्षी, तो श्रोत्यांसमोर आला. १७३४ मध्ये तो लंडनला गेला आणि हँडेलच्या प्रतिस्पर्धी मंडळीत गाऊ लागला. पुढच्याच वर्षी पॉर्पोराच्या ‘पोलिफेमो’ या ऑपेरात त्याने आची या तरुण प्रेमिकाची भूमिका केली. त्या काळी ऑपेरातले नायक आणि वीरपुरुष अशाच उंच आवाजात गात.

१७३७ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, तो स्पेनला गेला. राजा पाचवा फिलिप खोल नैराश्याने ग्रासला होता. फारिनेल्लीच्या गाण्याने त्याला उभारी येईल, अशी राणीला आशा होती. त्यानंतर फारिनेल्ली रंगभूमीवर कधीच गायला नाही. तो राजासाठी रात्री महालात गात राहिला. राजाला त्याने दिलासा मिळाला, पण आजार पूर्ण बरा झाला नाही. पुढच्या राजाच्या काळात दरबारी ऑपेराचा कारभार त्याच्याकडे आला. १७५९ नंतर नव्या राजाने त्याला निवृत्तिवेतन देऊन निरोप दिला आणि तो बोलोन्याला स्थायिक झाला. चर्च अशा पुरुषांना विवाहाची परवानगी देत नसे. १७८२ मध्ये तो तिथेच वारला.

त्याच्या शरीराची गोष्ट त्यानंतरही संपली नाही. २००६ मध्ये बोलोन्याच्या स्मशानभूमीतून त्याचे अवशेष तपासणीसाठी बाहेर काढण्यात आले. हातापायांची हाडे लांब होती. वयात आल्यानंतर लैंगिक संप्रेरकांमुळे हाडांची वाढीची टोके जुळतात आणि उंची थांबते. ती संप्रेरके नसली की हाडे जास्त काळ वाढत राहतात. कपाळाच्या हाडाची आतली बाजूही जाड झालेली आढळली. हा बदल सहसा रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत दिसतो. बालपणी झालेल्या त्या शस्त्रक्रियेच्या खुणा सव्वादोनशे वर्षांनंतरही हाडांत शाबूत होत्या.

मग त्याचे संगीत आज कोण गाते? दोन प्रकारचे गायक ते वाटून घेतात. पहिला प्रकार मेझो-सोप्रानो, म्हणजे मधल्या पट्टीत गाणाऱ्या स्त्रिया. दुसरा काउंटरटेनर. हे पुरुष नेहमीसारखेच वयात आलेले असतात. बोलताना त्यांचा आवाज चारचौघांसारखा असतो. गाताना ते स्वरतंतूंच्या मुख्यतः पातळ कडा कंप पावतील अशा रीतीने उंच स्वर काढतात. फारिनेल्लीची गाणी सेचिलिया बार्तोली या मेझो-सोप्रानोने ध्वनिमुद्रित केली आहेत, तशीच फिलिप जारुस्की या काउंटरटेनरनेही. १९९४ च्या ‘फारिनेल्ली’ चित्रपटासाठी तर एक काउंटरटेनर आणि एक सोप्रानो यांचे आवाज एकमेकांत मिसळण्यात आले. तरीही त्याचा मूळ आवाज नेमका कसा होता, हे आपल्याला कधीच कळणार नाही. मला त्याची खंत वाटत नाही. आजच्या दोन्ही गायकांनी ही वाट स्वतः निवडलेली असते. कार्लोला कोणी विचारले होते?

आपल्या घरातल्या गायक मुलासाठी एवढेच सांगेन. आवाज फुटत असताना जुनी पट्टी गाठण्यासाठी ताण देऊ नका. रियाज खालच्या, सोयीच्या पट्टीत चालू ठेवा. आवाजाचा घोगरेपणा तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. चौदा वर्षे पूर्ण होऊनही मुलगा वयात येण्याची काहीच लक्षणे दिसत नसतील, तर संकोच न करता डॉक्टरांकडे या. अशा वेळी तपासणी करता येते आणि गरज असल्यास उपचारही असतात. गायचे की नाही आणि कोणत्या आवाजात, हे पुढे त्याचे त्याला ठरवू द्या.