गिटार न वाजवणारा गिटारवाला

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी, गराजमध्ये किंवा मुलांच्या खोलीत, एक इलेक्ट्रिक गिटार भिंतीला टेकून उभी असते. तिच्या डोक्यावर पुष्कळदा एक नाव असतं : फेंडर. हे आडनाव ज्याचं, त्या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती असं मुलांना सांगितलं की त्यांना आपण थट्टा करतोय असं वाटतं. पण ते खरं आहे. लिओ फेंडर लहानपणी थोडा सॅक्सोफोन शिकला होता, गिटार कधीच नाही.

त्याचं पूर्ण नाव क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर. जन्म १० ऑगस्ट १९०९, दक्षिण कॅलिफोर्नियात, ॲनाहाइम आणि फुलर्टनच्या परिसरातल्या एका मळ्यावर. आपण आर्टेशियाला किराणा आणायला जातो, तिथून हा भाग फार लांब नाही. आज तिथे फ्रीवे आणि मॉल आहेत, तेव्हा संत्र्यांच्या बागा होत्या. आठव्या वर्षी गाठ झाल्यामुळे त्याचा एक डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसवला गेला. पुढे एका काकांनी रेडिओच्या मोडक्या सुट्या भागांची पेटी पाठवली आणि पोराला नाद लागला.

शिक्षण मात्र हिशेबनिशीचं झालं. मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा १९३८ साली ६०० डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं. तिथे गावोगावचे वादक बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन येऊ लागले. ते काय कुरकुर करतात हे लिओ ऐकत बसायचा. त्याची शाळा हीच.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जो पिकअप असतो, त्यात लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी असतात. पोलादी तार वर थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते, तीच ॲम्प्लिफायरकडे जाते. म्हणजे हा गिटारचा कान. आणि कान कुठे लावला यावर काय ऐकू येणार ते ठरतं. तंबोऱ्याची तार मधोमध छेडली तर आवाज गोल, भरदार येतो. घोडीजवळ छेडली तर बारीक आणि टोकदार. पिकअपचं अगदी तसंच आहे. घोडीजवळ तार फारशी हलत नाही, तिथे मूळ स्वर क्षीण आणि वरचे उपस्वर जोरात. मानेकडे सरकावं तसा मूळ स्वर भरत जातो.

महायुद्धाच्या काळात लिओ आणि त्याचा मित्र डॉक कॉफमन यांनी पिकअपची चाचणी घेण्यासाठी एक ओबडधोबड भरीव गिटार बनवली होती. वादकांना ती इतकी आवडली की ते भाड्याने न्यायला लागले! दोघांनी भागीदारी केली, ती लवकरच संपली, आणि १९४६ पासून लिओ स्वतःच्या नावाने धंदा करू लागला.

१९५० मध्ये आलेल्या त्याच्या गिटारचं नाव ब्रॉडकास्टर होतं. ग्रेच कंपनीचे त्याच उच्चाराचे ड्रम होते, त्यांनी हरकत घेतली, म्हणून १९५१ मध्ये नाव झालं टेलिकास्टर. तिचा घोडीजवळचा पिकअप पाहा, तो तिरका बसवलेला आहे. ही लहर नव्हे. बारीक तारांच्या बाजूने तो घोडीला जवळ, म्हणून त्या तारा लखलखीत वाजतात. जाड तारांच्या बाजूने जरा दूर, म्हणून त्या पोकळ लागत नाहीत. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये एकदम तीन पिकअप आले, घोडीजवळचा पुन्हा तिरका. आराखड्यात फ्रेडी टवारेस या हवाईच्या वादकाचा मोठा वाटा होता. तिन्ही पिकअप एकाच प्लास्टिकच्या पत्र्यावर, स्क्रू काढले की सगळं हातात. दुरुस्तीवाल्याचं डोकं, दुसरं काय!

लिओने स्विचला तीनच जागा दिल्या, एका पिकअपला एक. वादक वस्ताद निघाले. त्यांनी स्विच दोन जागांच्या मधे अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवले आणि एक वेगळाच, किंचित नाकातला आवाज मिळवला. कारखान्यातून पाच जागांचा स्विच यायला १९७७ उजाडलं. जिमी हेंड्रिक्सने तर उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरून डाव्या हाताने वाजवली. त्यामुळे तिरका पिकअप उलटा झाला, जाड तारा घोडीजवळच्या टोकावर आल्या. त्याच्या आवाजात याचा वाटा आहे, असं माझं मत; बाकी बरंच त्याच्या बोटांचं.

लिओच्या पिकअपमध्ये दोष होता. एकाच वेटोळ्याचा असल्यामुळे तो घरातल्या विजेची गुणगुणही पकडायचा. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट वेटोळी जोडून त्यावर उपाय काढला. लिओनेही १९५७ मध्ये आपल्या प्रिसिजन बेसला दोन तुकड्यांचा पिकअप लावला, त्यात गुणगुण कटते.

पन्नाशीत त्याची तब्येत ढासळली. सायनसचा संसर्ग जाता जाईना. आपण आता वाचत नाही, कामगारांचं काय होणार, या काळजीने त्याने कंपनी विकायला काढली. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने ती १ कोटी ३० लाख डॉलरना घेतली. आणि मग काय झालं? डॉक्टर बदलला, आजार बरा झाला! नाव विकलेलं, करारामुळे काही वर्षं स्पर्धाही करता येईना.

दुसरा कोणी बोट घेऊन मासे पकडत बसला असता. लिओला बोटींची हौस होतीच. पण सत्तरच्या दशकात तो म्युझिक मॅन कंपनीत आला, १९७६ चा स्टिंगरे बेस त्या काळातला. मग जुना सहकारी जॉर्ज फुलर्टनबरोबर त्याने जी अँड एल काढली (आडनाव फुलर्टन, गावही फुलर्टन, योगायोग!). तिथे त्याने नव्या रचनेचा पिकअप केला. चिनीमातीसारख्या सिरॅमिकचा चुंबक, आणि प्रत्येक तारेखाली वर-खाली करता येणारा लोखंडी खांब. आपल्या जुन्या स्ट्रॅटपेक्षा हे चांगलं आहे, असं तो मानत असे. लोकांना मात्र जुनंच हवं होतं, अजूनही हवं असतं.

शेवटी पार्किन्सन्सने गाठलं. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टनमध्ये तो गेला. आदल्या दिवशीही तो कामावर गेला होता.