नाशिकचे भोर आणि गावचे आरोग्य केंद्र

गावोगावी दिसणारे प्राथमिक आरोग्य केंद्र ज्यांच्या अहवालातून आले, ते सर जोसेफ भोर डॉक्टर नव्हते. ते होते सनदी अधिकारी, हिशेबात मुरलेले.

भोर यांचा जन्म १८७८ मध्ये नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि नंतर लंडनमध्ये शिकून ते आयसीएसमध्ये दाखल झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते कोचीन संस्थानचे दिवाण होते. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी उद्योग, व्यापार आणि रेल्वे ही खाती सांभाळली. साठी ओलांडल्यावर, १९४३ मध्ये, त्यांच्याकडे देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद आले. बंगालच्या दुष्काळात माणसे मरत होती, ते हे वर्ष.

समितीत डॉ. बिधनचंद्र रॉय आणि डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्यासारखे नामवंत डॉक्टर होते, तसेच कामगार नेते ना. म. जोशीही होते. समितीसमोर आलेले आकडे भीषण होते. १९३७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १६२ पहिल्या वर्षातच दगावत. इंग्लंडमध्ये हाच आकडा ५८ होता. आपल्याकडचे सरासरी आयुर्मान जेमतेम २७ वर्षे. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, त्यातही बहुतेक शहरांत.

देश आधी श्रीमंत होऊ द्या, मग आरोग्यावर खर्च करू, हा तेव्हाचा (आणि आजचाही) सोपा युक्तिवाद. १९४६ च्या अहवालाने तो उलटा केला. आजारी माणूस शेतात आणि कारखान्यात कमी पिकवतो, म्हणून आजारपण हेच गरिबीचे एक कारण आहे. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, आणि प्रतिबंध व उपचार एकाच छताखाली असावेत, ही अहवालाची दोन सूत्रे होती.

सुरुवात म्हणून ४०,००० लोकसंख्येला एक केंद्र सुचवले गेले. त्यात दोन डॉक्टर, परिचारिका, सुईणी, स्वच्छता निरीक्षक आणि औषधनिर्माता. अंतिम उद्दिष्ट मात्र १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचे रुग्णालय हे होते.

प्रत्यक्षात १९५२ पासून केंद्रे सुरू झाली, ती साधारण लाखभर लोकांच्या विकासगटाला एक, आणि तीही अपुऱ्या माणसांनिशी. पुढे निकष सपाट भागात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० झाला. भोर यांनी जी पहिली पायरी मानली होती, तिलाच आपण जिना समजलो.

शेजारच्या श्रीलंकेने वेगळा मार्ग धरला. तिथे कळुतरा येथे १९२६ मध्येच पहिले आरोग्य पथक सुरू झाले होते. घरोघरी जाणाऱ्या सुईणी आणि मोफत सरकारी सेवा यांवर तो देश टिकून राहिला. आज तिथला अर्भक मृत्युदर हजारी दहाच्या खाली आहे. आपला तिशीच्या खाली आला, ही मोठी कमाई आहे, पण अंतर स्पष्ट दिसते. श्रीलंका काही श्रीमंत देश नाही. फरक पडला तो पैसा कोणत्या पायरीवर खर्च झाला, याने.

सरकारी रुग्णालयात हे रोज दिसते. रक्तदाबाची स्वस्त गोळी गावात नियमित मिळाली नाही, की तोच माणूस काही वर्षांनी पक्षाघात होऊन आमच्या अतिदक्षता विभागात येतो. गोळीचे वाचलेले पैसे तिथे एका दिवसात संपतात, आणि घरचा कमावता हात गेलेला असतो.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के करण्याचे आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला देण्याचे ठरवले होते. ती मुदत सरली, उद्दिष्ट गाठले गेले नाही.

भोर १९६० मध्ये गेले. त्यांचा अहवाल वैद्यकीय अभ्यासक्रमात आजही आहे. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो. अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हाही तो विचारायला हवा: यंदा आपल्या केंद्रात डॉक्टर, परिचारिका आणि औषधे यांसाठी किती?