पावलांचा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या अण्णांना लिहितावाचता येत नाही. पेरणीआधी ते वावर पावलांनी मोजतात. गेल्या वर्षी शहाणपणा दाखवायला मी टेप आणली. साऱ्या बांधाच्या लांबीत फरक निघाला तो हात-दीड हाताचा! पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात नैनसिंह रावत यांच्याविषयी वाचले आणि त्या टेपची मला लाज वाटली.

नैनसिंहांचा जन्म १८३० साली कुमाऊँच्या जोहार खोऱ्यात, मिलम या गावी झाला. गाव अकरा हजार फुटांहून उंच. हिवाळ्यात सारे गाव गुरेमेंढरे घेऊन खाली उतरे; उन्हाळ्यात घाट उघडले की वर जाऊन तिबेटशी व्यापार करी. बर्फाची वाट त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. मी बर्फ पाहिलेला नाही; पण हिवाळा सरतानाची वाट फार फसवी असते म्हणतात. रात्री गोठलेला थर पहाटे दगडासारखा टणक असतो, त्यावरून चालता येते. ऊन चढले की तोच थर भुसभुशीत होतो आणि माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. वरचे सैल झालेले बर्फ केव्हा कोसळेल याचा नेम नसतो. त्या लखलखाटाने डोळेही जातात.

अशा मुलखातल्या या शाळामास्तरांना १८६३ साली सर्वेक्षण खात्याने डेहराडूनला नेले. तिबेटात गोऱ्या माणसाला प्रवेश नव्हता, म्हणून हे काम पहाडी माणसावर आले. चढ असो, उतार असो, पाऊल तेवढेच पडले पाहिजे, असा सराव त्यांच्याकडून करून घेतला. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. दर शंभराव्या पावलाला एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी टिपणांचे कागद.

जानेवारी १८६५ मध्ये नैनसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ मणिसिंह निघाले. मार्चमध्ये काठमांडूला पोचले, तो कुतीची सरळ वाट बर्फामुळे बंद असल्याचे कळले. त्यांनी किरोंगची लांबची वाट धरली. पण सरहद्दीवरच्या अंमलदारांनी परत पाठवले. मणिसिंह मागे फिरले. नैनसिंहांनी वेष बदलून पुन्हा प्रयत्न केला. पैसे संपले तेव्हा नेपाळी दुकानदारांना हिशेब शिकवून पोट भरले. जानेवारी १८६६ मध्ये, ऐन थंडीत, ते ल्हासाला पोचले. पाणी किती अंशांवर उकळते यावरून त्यांनी त्या नगरीची उंची काढली, ताऱ्यांवरून तिचे स्थान ठरवले. परतले तेव्हा सुमारे १२०० मैलांचा हिशेब पावलांत झाला होता!

बर्फात रुतलेले पाऊल आखूड पडते, घसरलेले लांबते. थंडीने बोटे बधिर झालेली, आणि मणी चुकवायचा नाही. पकडले गेलो तर जीव जाईल ही भीती वेगळीच. मला वर्गात तासभर लक्ष टिकवता येत नाही!

१८७४-७५ साली लेहहून ल्हासा आणि तवांगमार्गे आसाम असा त्यांनी शेवटचा मोठा प्रवास केला. नंतर प्रकृती साथ देईना, तेव्हा ते नव्या माणसांना शिकवू लागले. कित्येक वर्षे अहवालांत त्यांचे नावसुद्धा छापले जात नव्हते. नुसता पंडित एवढाच उल्लेख. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. भारताच्या टपाल खात्याने तिकीट काढले ते २००४ साली.

तो नकाशा इंग्रज सरकारच्या कामासाठी होता, हे विसरून चालणार नाही. माझे काही मित्र म्हणतील, मग त्यात कौतुक कसले? मला वाटते, नकाशा सरकारचा असेल. पावले मात्र मिलमच्या मास्तरांची होती. ती कोणाला हिरावून घेता येत नाहीत.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शिकलो म्हणजे अण्णांपेक्षा मला जास्त कळते, असा माझा समज होता. यंदा पेरणीच्या वेळी टेप खुंटीवरच राहील. अण्णांच्या मागून चालत मी पावले मोजणार आहे.