बेब डिड्रिक्सन

१९३२ सालच्या जुलै महिन्याची १६ तारीख होती. अमेरिकेतील शिकागो शहराजवळच्या एव्हनस्टन या गावी स्त्रियांच्या मैदानी खेळांचे राष्ट्रीय सामने भरले होते. एकेका संघाचे नाव पुकारले जाई आणि त्या संघातील मुली मैदानात येत. एका संघात तर बावीस मुली होत्या. पुढे डल्लास येथील एका विमा कंपनीच्या संघाचे नाव पुकारले गेले, तेव्हा मात्र एकच मुलगी धावत पुढे आली. त्या संघात ती एकटीच होती! पुढील सुमारे तीन तासांत ती आठ स्पर्धांत उतरली. त्यांपैकी पाच तिने जिंकल्या व सहावीत बरोबरी साधली. सामन्यांच्या अखेरीस बावीस जणींच्या संघाचे गुण भरले २२ आणि या एकटीचे भरले ३०. ही मुलगी म्हणजे मिल्ड्रेड डिड्रिक्सन. जग तिला ‘बेब’ या टोपणनावाने ओळखते.

बेबचा जन्म २६ जून १९११ रोजी टेक्सस संस्थानातील पोर्ट आर्थर येथे झाला. तिचे आईबाप नॉर्वेहून येऊन अमेरिकेत स्थायिक झाले होते. वडील सुतारकाम करीत. घरात सात भावंडे. त्यामुळे पैशाची ओढाताण नेहमीचीच. परंतु वडिलांना व्यायामाचे मोठे वेड होते. त्यांनी मुलांसाठी अंगणातच व्यायामाची साधने उभी केली. वजन उचलण्यासाठी केरसुणीच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना कपड्यांच्या इस्त्र्या बांधल्या होत्या. १९२८ साली वडिलांनी वर्तमानपत्रातून ऑलिंपिक सामन्यांच्या हकिकती वाचून दाखविल्या आणि आपणही तेथे जायचे, असे बेबने मनाशी ठरविले. तिच्या गल्लीत घरांपुढे झुडपांची कुंपणे होती. बहीण रस्त्यावरून धावे आणि बेब त्या कुंपणांवरून उड्या मारीत तिच्याशी शर्यत लावी. एक कुंपण फार उंच होते. बेबने विनंती केली तेव्हा शेजाऱ्यांनी ते कापून इतरांएवढे केले.

शाळेत तिला बास्केटबॉल खेळायचा होता. पण ती अंगाने लहानखुरी म्हणून संघात तिला प्रथम जागा मिळाली नाही. बेब रुसून बसली नाही. ती सराव करीत राहिली आणि अखेर संघात तर गेलीच, पण त्या संघाची प्रमुख खेळाडूही झाली. हा खेळ पाहूनच विमा कंपनीने तिला १९३० साली नोकरी देऊन आपल्या संघात घेतले.

१९३२ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिक सामने झाले. त्या वेळी स्त्रीला तीनच वैयक्तिक स्पर्धांत भाग घेण्याची मुभा होती. भालाफेक व ८० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत बेबने सुवर्णपदके मिळविली. उंच उडीत तिने व तिच्या प्रतिस्पर्धिनीने सारखीच उंची गाठली. परंतु बेबची उडी मारण्याची पद्धत पंचांना नियमबाह्य वाटली, म्हणून तिला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले.

कीर्ती मिळाली, पण तिने घर चालत नव्हते. तेव्हा बेब पैसे घेऊन खेळाचे प्रयोग करू लागली. याच सुमारास ती गोल्फकडे वळली. या खेळात विस्तीर्ण हिरवळीवर एका लहानशा चेंडूला काठीने फटके मारीत तो एकामागून एक अठरा खळग्यांत घालावयाचा असतो. ज्याला सर्वांत कमी फटके लागतील, तो जिंकतो. येथे अंगातील जोराइतकीच मनाची स्थिरता लागते. बेब तासन्‌तास शेकडो चेंडू मारी; तळहातांना फोड आले की त्यांवर पट्टी बांधून पुन्हा काठी हाती घेई.

१९३५ साली तिने टेक्सस येथील हौशी स्त्रियांची स्पर्धा जिंकली. पण लवकरच एक संकट उभे राहिले. जो पैशासाठी खेळत नाही, तो हौशी खेळाडू. बेबने इतर खेळांत पैसे घेतले होते, म्हणून गोल्फच्या राष्ट्रीय संस्थेने तिला हौशी मानण्यास नकार दिला. गोल्फ हा त्या काळी श्रीमंतांचा खेळ होता. सुताराची मुलगी त्यात यावी, हे काहींना रुचले नव्हते. आता तिच्यापुढे दोनच मार्ग होते : हौशी स्पर्धांचा नाद सोडणे, किंवा पैशावर पाणी सोडून वाट पाहणे. १९३८ साली जॉर्ज झहारियस या मल्लाशी तिचा विवाह झाला. त्याच्या आधारामुळे तिला दुसरा मार्ग पत्करता आला. १९४० साली तिने अर्ज केला. तीन वर्षे तिने खेळाचा मोबदला घेतला नाही. मात्र सराव सोडला नाही. १९४३ साली तिला हौशी खेळाडू म्हणून मान्यता मिळाली. १९४६ साली तिने अमेरिकेची हौशी स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील गलन येथे ब्रिटिश स्पर्धाही जिंकली. १८९३ पासून चालत आलेली ही स्पर्धा त्यापूर्वी एकाही अमेरिकन स्त्रीने जिंकली नव्हती.

बेबच्या स्वभावात दोष नव्हते असे नाही. आपल्या पराक्रमाची ती उघडपणे बढाई मारी आणि त्यामुळे सोबतच्या खेळाडू दुखावत. वर्तमानपत्रे तिच्या पुरुषी खेळाची थट्टा करीत. परंतु बेबने त्यापायी खेळ सोडला नाही. पुढे व्यावसायिक खेळाडू झाल्यावर इतर बारा जणींसह तिने १९५० साली व्यावसायिक स्त्री-खेळाडूंची संघटना उभारली. तीमुळे अनेकींना या खेळावर मानाने उपजीविका करता येऊ लागली.

१९५३ साली बेबला आतड्याचा कर्करोग झाला. मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. आता ती पुन्हा खेळू शकणार नाही, असेच पुष्कळांना वाटले. परंतु काही महिन्यांतच ती मैदानावर दिसू लागली. १९५४ साली तिने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. तीही दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा बारा फटके कमी घेऊन! त्या काळी लोक कर्करोगाचे नावही दबल्या आवाजात घेत. बेबने आपला आजार लपविला नाही. वेळीच उपचार करून घ्या, असे ती सर्वांना सांगत राहिली. पुढे रोग पुन्हा बळावला व २७ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, तिचे निधन झाले.

बेबच्या वाटेत कधी लहान देह, कधी गरिबी, कधी नियम, तर कधी व्याधी आडवी आली. व्याधीपुढे अखेर तिचा देह हरला. परंतु बाकीची कुंपणे तिने लहानपणीच्या त्या झुडपांसारखी ओलांडली, आणि जेथे ओलांडता येईना तेथे हाती काठी घेऊन धीराने वाट पाहिली.