मुंबईला प्लेगची लस देणाऱ्या हाफकिनच्या माथ्यावर १९ मृत्यू कसे आले?

तारीख होती १० जानेवारी १८९७. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये ३६ वर्षांच्या एका माणसाने स्वतःच तयार केलेली प्लेगची लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. तीही थोडीथोडकी नाही, १० सीसी. पुढे लोकांना जेवढी दिली गेली त्यापेक्षा कितीतरी जास्त. सडकून ताप आला, अंग ठणकलं, पण गडी जगला.

त्याचं नाव वाल्देमार हाफकिन. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमुळे आपल्याला नाव माहिती असतं, माणूस मात्र फारसा नसतो.

हाफकिनचा जन्म १८६० चा, रशियन साम्राज्यातल्या ओडेसाचा. घर ज्यू. विद्यार्थीदशेतच राजकारणात पडून तुरुंगाची हवा खाल्ली. हुशार होता, पण प्राध्यापक व्हायचं तर धर्म बदलावा लागणार होता. त्याने नकार दिला आणि देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सुरुवातीला मिळालं ते ग्रंथालयातलं काम. तिथेच १८९२ मध्ये त्याने कॉलराची लस बनवली आणि तीही आधी स्वतःला टोचली. १८९३ मध्ये तो भारतात आला आणि दोन-अडीच वर्षांत ४० हजारांहून जास्त लोकांना त्याने कॉलराची लस दिली. घेणाऱ्याच्या मर्जीनेच.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिनला मुंबईत बोलावलं. प्रयोगशाळा म्हणून त्याला मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत त्याने लस तयार केली. बोकडाच्या मांसाच्या रश्शात तो प्लेगचे जंतू वाढवायचा आणि वर तुपाचे थेंब सोडायचा. त्या तुपाला धरून जंतूंचे झुंबरासारखे लोंबते पुंजके वाढत. मग उष्णता देऊन जंतू मारायचे आणि ते मेलेले जंतू म्हणजे लस. गायीचं किंवा डुकराचं मांस त्याने मुद्दाम टाळलं होतं. इथल्या लोकांची त्याला तेवढी जाण होती.

पण लोक घाबरले होते ते फक्त लसीला नाही. त्या काळात घरात शिरून झडत्या होत होत्या, माणसं ओढून इस्पितळात नेली जात होती, सामान जाळलं जात होतं. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. त्याच महिन्यात मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं. त्या अपमानाची भरपाई म्हणून इस्पितळात माणसांची काळजं काढून राणीला पाठवतात, अशी आवई उठली. पुण्यात तर प्रकरण १८९७ च्या जूनमध्ये रँडच्या खुनापर्यंत गेलं. लसीबद्दलही तेच. सुई गजभर लांब असते, टोचली की माणूस जागच्या जागी मरतो, वाचलाच तर पुरुषत्व जातं, बायका वांझ होतात. आज या अफवा वाचून हसू येतं. पण सैन्य घेऊन दारात येणारं सरकार आणि सुई घेऊन येणारं सरकार एकच असेल, तर लोकांनी फरक करायचा तरी कसा?

हाफकिनकडे जुनाच उपाय होता, आधी आपल्या दंडात सुई. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने तयार झालेल्या कैद्यांवर प्रयोग झाला. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ गेले. घेतलेल्यांत दोघांना झाला, दोघेही वाचले. (कैद्यांची स्वखुशी कितपत खरी, हा प्रश्न आज कुणीही विचारेल. तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.) पुढे तरुण आगाखानांनी सगळ्यांसमोर लस घेतली, हाफकिनला काम करायला आपला बंगला दिला आणि त्यांच्यामागोमाग हजारो खोजा पुढे आले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

आणि मग आलं मुलकोवाल. पंजाबातल्या या गावात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस दिली गेली. आठवड्याभरात त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच्या सगळे दगावले. हे एकोणीसही जण ५३-एन या एकाच बाटलीतले. बाकीच्या बाटल्यांमधली लस घेतलेल्यांना काही झालं नाही.

चौकशी आयोगाने ठपका ठेवला परळच्या प्रयोगशाळेवर. लस झटपट बनावी म्हणून हाफकिनने कृती बदलली होती आणि जंतू मारणारं कार्बोलिक ॲसिड वगळलं होतं, हे त्याच्या विरोधात गेलं. त्याचं पद गेलं. बिनपगारी रजेवर तो इंग्लंडला निघून गेला. वर परका, रशियन, ज्यू. तो रशियाचा हेर असेल असा संशयही काही साहेबांना होता. म्हणजे अफवांवर विश्वास फक्त चाळीतल्या माणसाचाच बसत होता, असं नाही.

खरं तर धागा साक्षीतच होता. ती बाटली उघडताना लसीला घाण वास नव्हता. ४१ दिवस आधी भरलेल्या बाटलीत धनुर्वाताचे जंतू असते, तर दुर्गंधी सुटायला हवी होती. आणि बूच काढायचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. हे सगळे कागद छापून बाहेर यायला चार वर्षं लागली. १९०७ च्या जुलैमध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून आरोप खोटा ठरल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षाअखेर सरकारने हाफकिनला परत कामावर घेतलं.

पण मुंबईत नाही. तिथली जागा भरली होती. त्याला कलकत्त्याला पाठवलं आणि तिथे लस बनवायची सोयच नव्हती. माफी वगैरे लांबच. १९१४ मध्ये तो निवृत्त होऊन युरोपात गेला. लग्न केलेलं नव्हतं. उरलेली वर्षं ज्यू धर्म आणि धर्मशिक्षणाच्या कामात घालवून १९३० मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये वारला.

१९२५ पर्यंत मुंबईतून त्याच्या लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते. त्याच वर्षी परळच्या प्रयोगशाळेला हाफकिनचं नाव देण्यात आलं. कळवल्यावर त्याने आभाराचं पत्र लिहिलं. आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं मुंबईतल्या त्या कामात गेली, एवढं त्यात होतं. मुलकोवालचा विषय त्याने काढला नाही.